जेवणाच्या वेळा बसवायच्या तर सुरुवात संध्याकाळी सहापासून

जेवणाच्या वेळा सुधारायचं ठरलं की बहुतेकांची कुऱ्हाड आधी नाश्त्यावर पडते. सकाळचे पोहे बंद, नुसता चहा. दुपारी दीडला डबा. आणि रात्री साडेदहाला, 'आज दिवसभर काही पोटात नाही' म्हणत आडवा हात मारायचा. याला सोळा-आठ (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं) असं नाव दिलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण रात्री अकराला जेवण आटोपलं आणि सकाळी साडेसहाला दूध-साखरेचा चहा घेतला, तर उपास साडेसात तासांचा झाला. शिवाय शरीराची तयारी सगळ्यात कमी असते नेमकी तीच वेळ गाठून दिवसातलं निम्मं-अधिक अन्न आत गेलं.

तयारी कमी का, हे थोडक्यात. झोपेच्या साधारण दोन तास आधीपासून रक्तात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढू लागतं आणि त्याच्या प्रभावाखाली स्वादुपिंड इन्सुलिन हात राखून सोडतं. स्पेनमध्ये ८४५ जणांना ७५ ग्रॅम ग्लुकोजचं तेच पेय एकदा झोपेच्या चार तास आधी आणि एकदा तासभर आधी दिलं. २०२२ साली आलेल्या त्या निष्कर्षांत उशिराच्या वेळी इन्सुलिन कमी सुटलं आणि साखर जास्त चढली. तुमच्या ताटातला वाटीभर भात आठला आणि अकराला वेगळा वागतो, तो असा.

वेळेकडून अवास्तव अपेक्षाही नकोत. २०१८ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांना पाच आठवडे दिवसाचं सगळं जेवण सहा तासांत, दुपारी तीनच्या आत संपवायला लावलं. वजन न घटताही इन्सुलिनचं काम सुधारलं आणि रक्तदाब उतरला. तिथेच २०२० मध्ये ११६ जणांच्या प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ अशी वेळ दिली, तर रोज तीनदा जेवणाऱ्यांच्या तुलनेत वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. चीनमध्ये २०२२ साली उष्मांक दोन्ही गटांना सारखेच कमी करून दिले, तेव्हा वर्षभरानंतर वेळ पाळणारे आणि न पाळणारे जवळपास सारखेच हलके झाले होते. म्हणजे वजनाचा हिशेब मुख्यतः किती खाल्लं यावर सुटतो. साखरेसाठी मात्र तेच अन्न दिवसात अलीकडे ओढल्याने उपयोग होतो. दुपारी तीनला शेवटचा घास मुंबईत नोकरदाराला जमणार नाही, तो आपला मुद्दाही नाही. आपल्याला साडेदहाचे साडेआठ करायचे आहेत.

दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, हा दीक्षित-दिवेकर वाद घरोघरी झालेला आहे. तो इथे उकरत नाही. कुठल्याही बाजूचे असा, खालचे टप्पे लागू पडतात. फक्त दोनदा जेवणाऱ्यांनी टप्पा ३ मधला खाऊ हेच दुसरं जेवण समजून मोठा करावा आणि रात्रीचं सोडावं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी संध्याकाळ, मग रात्र, मग सकाळ. सहाला पोटात काही गेलं नाही तर रात्रीचं ताट लहान होत नाही, आणि रात्रीचं ताट लहान झालं नाही तर सकाळी भूक लागत नाही. उलट्या क्रमाने गेलेले पहिल्याच आठवड्यात स्टेशनबाहेरच्या गाडीवर सापडतात.

## टप्पा १: औषधांची चिठ्ठी आधी काढा

मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल किंवा गोळ्यांत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण लहान करू नका. गोळी तेवढीच आणि जेवण कमी, असं झालं की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लांबलचक उपास करायचाच नाही. या गोळ्यांवर साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

डॉक्टरांना नुसतं 'लवकर जेवू का' असं विचारू नका. वेळा लिहून न्या: सध्या जेवण १०:३०ला, करायचं आहे ८:३०ला, संध्याकाळी ६ला खाणं वाढणार आहे. गोळीची वेळ बदलायची की मात्रा, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. अनेक घरांत ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर जाते आणि मग 'गोळी लागूच पडत नाही' अशी तक्रार येते. लोहाची गोळीही चहापासून लांब ठेवा. मेटफॉर्मिन मात्र जेवणाबरोबर. जेवणाची वेळ सरकली की तीही सरकते.

इशारा: गरोदर व बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, वजन मुळात कमी असलेले आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजारातून गेलेले, यांनी खाण्याचे तास आवळायचे नाहीत. संध्याकाळचा डबा मात्र त्यांनाही फायद्याचा आहे.

इशारा: घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर उतरल्याची लक्षणं. तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी घड्याळाकडे बघायचं नाही.

## टप्पा २: सात दिवस नुसती नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. मोबाइलच्या नोंदवहीत प्रत्येक खाण्याची आधी वेळ, मग पदार्थ. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या माणसाचं पान साधारण असं निघतं:

६:१० – चहा, दोन बिस्किटं
१०:२० – चहा
१:४५ – तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, थोडा भात
४:३० – चहा
७:४० – स्टेशनवर वडापाव
९:५५ – भात, आमटी, दोन पोळ्या, भाजी, पापड
११:१५ – डब्यातला चिवडा, उभ्याउभ्या

पहिला घास ६:१०ला आणि शेवटचा ११:१५ला, म्हणजे खाण्याचा दिवस सतरा तासांचा. या पानात पावणेदोन ते पावणेआठ हे सहा तास चहाने भूक मारण्यात गेले आहेत. त्यानंतरच्या साडेतीन तासांत जे आलं ते बघा: तळलेलं, मैद्याचं, भाताचं, पुन्हा तळलेलं. कडधान्य नावाला आमटीत. फळ नाही, कोशिंबीर नाही. वेळ बिघडली की पदार्थही बिघडतो, हे असं कागदावर आल्याशिवाय पटत नाही. पोटात कावळे ओरडत असताना काकडी चिरत कुणी बसत नाही.

नोंदीतली नेहमीची गफलत म्हणजे 'मोजत नाही' गटातल्या गोष्टी. साखरेचा चहा, मुलाच्या ताटातलं उरलेलं, भाजी चाखून बघणं, जेवणानंतरचं केळं, झोपतानाचं दूध, बडीशेपेबरोबरची खडीसाखर – सगळं लिहायचं.

तपासा: आठवड्याअखेरी तीनच गोष्टी काढा. रोजचा पहिला घास, रोजचा शेवटचा घास, आणि झोप सोडून सगळ्यात मोठा उपाशी पट्टा कुठे पडतो. तो पट्टा दुपारी दोन ते आठच्या मध्ये असेल तर पुढचा टप्पा तुमच्यासाठीच आहे. घरी असणाऱ्यांचा बहुधा नसतो. त्यांनी तिथला रेल्वेचा भाग सोडून द्यावा.

## टप्पा ३: संध्याकाळचा डबा

सगळ्यात जास्त मेहनत इथे करा. दोन आठवडे फक्त हाच बदल.

वेळ. ऑफिसातून निघण्याआधी, जागेवर बसून, साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये. 'गाडीत खाईन' असं ठरवू नका. चर्चगेटहून विरार फास्ट धरली की बोरिवलीपर्यंत खिशातला मोबाइल काढता येत नाही, तिथे डबा कुठला उघडताय? मोबाइलवर पावणेसहाचा गजर लावा. पहिले चार दिवस तो वाजेल आणि तुम्ही 'हा एवढा मेल टाकतो' म्हणाल. तेव्हा त्याला दहा मिनिटांनी पुन्हा वाजू द्या.

काय. प्रथिनं हवीत आणि चावायला लागेल असं हवं. यातलं एक निवडा:

– दोन मुठी फुटाणे आणि एक पेरू किंवा सफरचंद
– दोन उकडलेली अंडी आणि काकडी
– वाटीभर मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ
– एक लहान थालीपीठ आणि दही
– सुकी भेळ, पण चणे आणि उकडलेले शेंगदाणे कुरमुऱ्यांच्या बरोबरीने, शेव नावापुरती

बिस्किटं, टोस्ट, 'डाएट' लिहिलेला चिवडा आणि नुसतं फळ यांनी काम होत नाही. घरी पोहोचेपर्यंत ते जिरलेलं असतं आणि ठाणं यायच्या आत वडापाव आठवतो.

टिकवणं. इथे बरेच जण फसतात. पहाटे पाचला केलेली उसळ संध्याकाळी सहाला उघडायची म्हणजे तेरा तास झाले. मुंबईच्या दमट हवेत, त्यातून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर असेल तर, ती आंबते. ओलं खोबरं घातलेली तर हमखास. म्हणून संध्याकाळच्या उसळीत खोबरं नाही आणि कच्चा कांदाही नाही. मटकी वाफवून, मोहरी-हळद-तिखटाच्या फोडणीवर पाणी आटेपर्यंत परतायची आणि पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावायचं. लिंबाची फोड वेगळी. ऑफिसात फ्रिज असेल तर पोहोचल्या-पोहोचल्या डबा त्यात. उकडलेलं अंडंही तिथेच ठेवा आणि सालासकट न्या. फ्रिज नसेल तर उसळ, अंडी, दही तिन्ही विसरा. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि फळ यांवर राहा. झाकण उघडल्यावर बोटाला तार लागली किंवा आंबूस वास आला की फेकून द्यायचं, चव बघायची नाही.

डबेवाल्याकडून डबा येत असेल तर संध्याकाळचा खाऊ त्यात मागवू नका. रिकामा डबा दुपारीच परत निघतो, आणि एक कप्पा काढून ठेवला की दुसऱ्या दिवशी घरी डबा लागत नाही. फुटाण्यांची घट्ट झाकणाची बरणी खणात ठेवली की पावसाळ्यातही ते सादळत नाहीत आणि विसरण्याची सोयच राहत नाही.

चहा. साडेपाच-सहाच्या खाण्याला चहा जोडू नका, तो चारला घेऊन मोकळे व्हा. जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळा, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. कटिंग असला तरी तो चहाच.

ऑफिसात चौविहार पाळणारं कुणी असेल तर त्यांच्याकडे बघा. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हटल्यावर हिवाळ्यात सहाच्या आत डबा उघडावा लागतो, आणि ते उघडतात. मीटिंग तेवढा वेळ थांबते. आपल्यालाच काय ती लाज वाटते.

तपासा: घरी पोहोचल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून, वीस मिनिटं स्वयंपाकघरात न शिरता राहता येतं का? येत असेल तर खाऊ पुरेसा आहे. नसेल तर तो थोडा वाढवा. दोन आठवड्यांत दहापैकी आठ दिवस स्टेशनवरचा वडापाव आपोआप सुटला असेल तरच पुढे जा. सुटला नसेल तर आणखी एक आठवडा इथेच.

## टप्पा ४: रात्रीचं ताट, आधी लहान आणि मग लवकर

वेळ झोपेपासून मागे मोजा. साडेअकराला झोपत असाल तर शेवटचा घास साडेआठला, तीन तास आधी. ते शक्यच नसेल तर निदान दोन. ज्यांना आंबट ढेकर, छातीत जळजळ आहे त्यांना हा फरक आठवडाभरातच जाणवू शकतो. एकदम दोन तास मागे ओढू नका; दर चार-पाच दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं.

पण त्याआधी ताट लहान करा. संध्याकाळी सहाला जे वाढलं, तेवढं इथून कमी व्हायला हवं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: सहाचा डबा सुरू झाला, रात्रीचं मात्र पूर्वीइतकंच राहिलं. महिन्याने पट्टा एक भोक सैल होतो आणि दोष वेळेच्या पद्धतीला दिला जातो. दोन पोळ्या आणि भात होत असेल तर आता एक पोळी आणि अर्धी वाटी भात, किंवा भात सोडून एक भाकरी. भाजी, उसळ, मासे, कोशिंबीर कमी करायची नाही.

वाढण्याचा क्रमही बदला. आपलं ताट वरण-भात-तुपाने सुरू होतं. इथे उलट करा. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा मासा, मग पोळी, भात सर्वांत शेवटी. २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या अकरा जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं होतं. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ल्यावर तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्के कमी होती. माणसं थोडी होती हे खरं, पण करून बघायला पैसा लागत नाही.

घरातलं गणित. साडेआठला जेवायचं म्हटलं की प्रश्न येतो, स्वयंपाक कोण आणि कधी करणार. कारण करणारीही बऱ्याचदा त्याच गर्दीतून पावणेआठला घरी आलेली असते. यावर गोड बोलून उपयोग नाही, काम वाटावं लागतं:

– कणीक आणि कडधान्य सकाळीच. उसळ शिजवून गार करून फ्रिजमध्ये. रात्री फक्त फोडणी.
– कोशिंबिरीचं गाजर-काकडी जो आधी घरी येईल त्याने चिरायचं. मुलगा बारावीत असला तरी.
– 'सगळे आले की बसू' हे रविवारी. आठवड्यात दोन पंगती. साडेनऊला येणाऱ्यासाठी घर थांबलं तर सगळ्यांचेच दहा वाजतात.
– तव्यावरची गरम पोळी एकेकाच्या ताटात पोहोचवणं बंद. पोळ्या करून डब्यात, आणि मग सगळे बसतील.

शेवटचा मुद्दा मी हट्टाने लिहितो आहे. गरम पोळीच्या हौसेपायी जी करते ती सगळ्यांत शेवटी, पावणेअकराला, ओट्याशी उभी राहून उरलेलं खाते. घरातल्या बाकीच्यांच्या वेळा सुधारल्या आणि तिची तशीच राहिली, असं या पद्धतीत सर्रास होतं. टप्पा २ची नोंद तिचीही करा आणि आकडे शेजारी ठेवून बघा.

जेवल्यावर. दहा ते पंधरा मिनिटं चाला, साध्या चालीने. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने साखर कमी चढली, आणि सर्वाधिक फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. सोसायटीचं आवार, चाळीची गॅलरी, जुलैत धो-धो पाऊस असेल तर घरातल्या घरात. मालिका बघत चाललात तरी चालेल.

शेवटचा घास म्हणजे शेवटचा. दात घासून टाका. साडेआठला जेवण आणि साडेदहाला हळद-दूध साखर घालून, हा प्रकार वेळेच्या हिशेबात साडेदहाचाच. भूक खरीच असेल तर अर्धा कप बिनसाखरेचं दूध घ्या आणि दुसऱ्या दिवशी सहाचा डबा वाढवा.

इशारा: रात्री 'फक्त सूप' किंवा 'फक्त फळं' हा मार्ग सोपा वाटतो. सव्वाअकराला चिवड्याचा डबा उघडणारे बहुतेक जण याच मार्गाने आलेले असतात.

तपासा: तीन आठवड्यांनी सकाळी उठल्यावर तासा-दीड तासात भूक लागते का? लागायला लागली की रात्रीचं बसलं असं समजा.

## टप्पा ५: आता सकाळ

भूक परत आली आहे, तेव्हा तिला खरं अन्न द्या. चहात बुडवलेलं बिस्किट हा नाश्ता नाही. रात्रीची भाकरी आणि अंड्याची पोळी, मुगाचं धिरडं, दह्याबरोबर उपमा, किंवा पोहे. पण पोह्यांत मूठभर शेंगदाणे-मटार आणि शेजारी एखादं अंडं. नुसत्या पोह्यांवर अकराच्या आत पुन्हा भूक लागते.

सकाळी खाणं वाढवून रात्रीचं घटवलं तर काय होतं, हे इस्रायलमध्ये स्थूल स्त्रियांच्या दोन गटांत पाहिलं गेलं आहे, ९३ जणींवर, बारा आठवडे. दोन्ही गटांना दिवसाला १४०० उष्मांक. एकीकडे ७०० नाश्त्याला, दुसरीकडे ७०० रात्रीला. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८.७ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ३.६ किलोंनी. इतका फरक प्रत्येकाला दिसेल असं मी म्हणणार नाही, घरी कुणी उष्मांक मोजून वाढत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

सकाळी सातची गाडी असेल आणि साडेसहाला घास उतरत नसेल, तर डबा न्या आणि साडेनऊला जागेवर खा. काहीही बिघडत नाही. अर्धवट भुकेने घरी दोन घास आणि ऑफिसात कँटीनचा मेदूवडा, यापेक्षा ते बरं.

## टप्पा ६: दुपार

इथे फार काही करायचं नाही. डबा एक ते दीडला उघडा, तीनच्या पुढे नेऊ नका. स्पेनमधल्या ४२० जणांच्या वजन घटवण्याच्या कार्यक्रमात तीननंतर जेवणाऱ्यांचं वजन आधी जेवणाऱ्यांपेक्षा कमी उतरलं होतं. कॅलेंडरमध्ये तो अर्धा तास अडवून ठेवा. बटाट्याऐवजी आठवड्यात तीनदा उसळ मागा.

## टप्पा ७: रविवार, संकष्टी आणि लग्नसराई

आठवडाभराची घडी मोडते ती रविवारी. दहाला उठणं, बाराला पोहे, साडेतीनला मटण-भात, साडेपाचपर्यंत झोप, मग रात्री अकराला 'काहीतरी हलकं' म्हणून पावभाजी. मटण खा की. ते एकला बसवा, एवढंच. झोपेची आणि पहिल्या घासाची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त सरकू देऊ नका, नाहीतर सोमवारची सकाळ पुन्हा बिनभुकेची जाते.

संकष्टीला चंद्रोदय साडेआठ-नऊनंतर, उन्हाळ्यात तर दहाच्याही आसपास. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि वर चहा, मग रात्री मोदकांसह पूर्ण पान, असं केलं तर दोन्हीकडून नुकसान. दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी, सहाला दही किंवा ताक आणि मूठभर शेंगदाणे. चंद्र दिसल्यावर नैवेद्याचा एक मोदक, थोडा वरण-भात, आणि मग चाला. इन्सुलिन किंवा टप्पा १ मधल्या गोळ्या चालू असतील तर उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला.

रिसेप्शनला जायचं असेल तर सहाचा डबा चुकवू नका. उपाशी गेलात की चाटच्या काउंटरपासूनच सुरुवात होते.

## रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळं

मालाड-ऐरोलीची कॉल सेंटर, विमानतळ, रुग्णालयं, इमारतींचे पहारेकरी – यांना वरचं वेळापत्रक लागू नाही. २०२१ साली प्रयोगशाळेत १९ जणांकडून नकली रात्रपाळी करून घेतली होती. रात्री जेवणाऱ्या गटाची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली. जागरण तेवढंच, पण फक्त दिवसा जेवलेल्यांची तशी वाढली नाही.

म्हणून मुख्य जेवण ड्युटीला निघण्यापूर्वी, सात-आठच्या सुमाराला. मध्यरात्र ते पहाटे पाच शक्य तेवढं रिकामं. पाणी, आणि हवाच तर बिनसाखरेचा काळा चहा दोनच्या आत. राहवलंच नाही तर फुटाणे किंवा एक अंडं. रात्री दोनची बिर्याणी आणि कोल्ड्रिंक ही सवय आधी मोडा. सुटल्यावर हलका नाश्ता करून झोपा आणि उठल्यावर दुपारी नीट जेवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर रात्रभर रिकामं राहायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

## काय मोजायचं, कधी मोजायचं

कंबर. महिन्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडून. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजनाआधी कंबर हलली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

घरचं ग्लुकोमीटर. असेल तर रात्रीच्या जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी. 'जेवण संपल्यावर दोन तास' असं मोजलं तर रोजचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एक दिवस जुन्या वेळेला आणि एक दिवस नव्या वेळेला, ताट अगदी तेच ठेवून मोजा. ज्यांना साखर उतरवणारी औषधं आहेत त्यांनी हा प्रयोग करू नये.

रक्त. एचबीएवनसी गेल्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवतं, तेव्हा तीन आठवड्यांत पुन्हा करून पैसे घालवू नका. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटीच्या साखरेत १०० ते १२५ हा उंबरठा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५०च्या खाली हवं.

उपाशीपोटीच्या तपासणीला निदान आठ तास लागतात. रात्री पावणेबाराला आइस्क्रीम खाऊन सकाळी सातला रक्त दिलं तर तो आकडा कामाचा नाही. आदल्या रात्री मुद्दाम साडेसहाला जेवून रिपोर्ट चांगला आणण्यातही अर्थ नाही. रोजच्या वेळेला, रोजचं ताट. रक्त घ्यायला येणाऱ्या माणसाला शेवटच्या घासाची वेळ सांगा आणि रिपोर्ट हातात आला की त्याच्या कोपऱ्यात ती पेनाने लिहून ठेवा. तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट शेजारी ठेवताना तो आकडा लागतो.